कोपर

प्रिय बुटके,

सात महिने पत्र नाही, मान्य. 'निवांत बोलू गं' म्हणून फोन मीच ठेवला होता, तेही मान्य. तब्येत ठीक. गुडघा आयोवाच्या थंडीत कुरकुरतो. आईचं मोतीबिंदूचं झालं.

आता ऐक. हे इथे कोणाला सांगून कळायचं नाही.

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये एक पोरगी आहे, पहिल्या वर्षाची, बेंचवरची. फ्री थ्रो मारताना तिचा कोपर बाहेर जातो. डिट्टो तुझा! परवा रात्री जिममध्ये ती एकटीच मारत होती, मी टॉवेल मोजत होते. प्रत्येक चुकल्यावर माझ्याकडे बघायची. शेवटी विचारलं, "काय चुकतंय माझं?" मी म्हणाले, "उद्या सँडविच कुठलं? टर्की की व्हेज?"

हसू नकोस. नियमच तसा आहे, कोच नसलेल्यानं शिकवायचं नाही. मी डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, म्हणजे बस, हॉटेल, कोणाच्या खोलीत कोण याची यादी, प्रॅक्टिसचं वेळापत्रक आणि कोणाला शेंगदाणे चालत नाहीत ते. 2023 मध्ये एनसीएएनं, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, शिकवणाऱ्यांच्या दोन जागा वाढवल्या, पण आमच्याकडच्या भरल्यात आणि त्यात मी नाही. त्यामुळे प्रॅक्टिसमध्ये मी नुसता बॉल परत फेकला तरी तो गुन्हा. मॅनेजर म्हणून येणाऱ्या कालच्या पोराला चुकलेला बॉल पकडून परत द्यायला परवानगी. आमच्या पोरींविरुद्ध प्रॅक्टिसला मुलगे उतरतात, तेही चालतं. राज्याकडून खेळलेली मी मात्र टॉवेल मोजायला. आपले सर असते तर म्हणाले असते, "लंबू गप्प बसली एकदाची!"

असिस्टंट कोचच्या कानावर घातलं मी. "हो हो" म्हणाली. तिला पुढच्या टीमचे व्हिडिओ कापायचे होते, विसरली असणार. शनिवारी नऊ सेकंद उरलेले, आम्ही एकानं मागे, आणि नेमके त्या पोरीला दोन फ्री थ्रो. दोन्ही चुकले. बसमध्ये मी पिझ्झा वाटला. तिनं घेतला नाही.

नाशिकची मॅच मी काढणार नव्हते, पण काढते. तू मारायच्या ऐन वेळी मी "कोपर!" म्हणून ओरडले होते. तू आजवर म्हणतेस, त्यामुळे चुकला. मी म्हणते, कोपरामुळेच चुकला. पण इथे तोंड मिटून बसले तरी चुकलाच की गं! आता काय म्हणशील?

आमच्या बसची ड्रायव्हर आजी आहे, तुझ्याहून बुटकी. इथे शाळेतल्या मुली 1993 पर्यंत सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळायच्या. तीन फॉरवर्ड, तीन गार्ड, मधली रेघ ओलांडायची नाही, बॉलचे दोनच टप्पे. गार्डनं फक्त अडवायचं. ही गार्ड. चार वर्षं खेळली आणि मॅचमध्ये बास्केटवर एकदाही बॉल मारला नाही! तरी हॉल खच्चून भरायचे म्हणते. मी विचारलं, चिडचिड नाही व्हायची? म्हणाली, "घरी आल्यावर अंगणात मारायचे की, अंधार पडेपर्यंत."

2024 च्या कॉलेजच्या मुलींच्या फायनलला तू रात्री साडेबाराला उठून बसली होतीस, आठवतं? आयोवा 87–75 अशी हरली आणि तू शिव्या मला घातल्यास, जणू त्यांची बस मी उशिरा नेली. अमेरिकेत 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली ती, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. आजी त्या दिवशी रडली म्हणे. हरल्यामुळे की लोकांमुळे, ते मी विचारलं नाही.

तुझ्या नव्या शाळेत ग्राउंड आहे का? चिरंजीव दहावीत ना यंदा? नवरोबांची बदली टळली का? सगळं लिही.

आणि एक नक्की लिही. त्या मे महिन्यात तुझा कोपर आपण सरळ कसा केला होता? भिंतीला चिकटून उभी करायचे, की ओढणीनं बांधला होता? मला काही केल्या आठवत नाही. आजीच्या अंगणातलं बास्केट अजून आहे, रविवारी जातेय. एकटीच जातेय, घाबरू नकोस.

तुझी,
लंबू