ते दुकान ‘चायनीज’ नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत शहरातील ‘चायनीज’ ठिकाणांची जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात आमच्या सिडको भागातील एका छोट्या दुकानाचे नाव पाहून आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी वाईटही वाटले. आनंद यासाठी, की आठ बाय दहाच्या त्या गाळ्याची दखल कोणीतरी घेतली. वाईट यासाठी, की जेमतेम चार ओळींच्या मजकुरात चार चुका आहेत. मी छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेत एकतीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. चूक दिसली की लाल पेन शोधण्याची खोड अजून गेलेली नाही. हे पत्र त्या खोडीचे समजावे.

पहिली चूक शीर्षकातच आहे. या दुकानात मिळते ते ‘बान्ह मी’, म्हणजे व्हिएतनामी सँडविच. ‘बान्ह’ हा शब्द तिकडे पिठाच्या कितीतरी पदार्थांना लावतात आणि ‘मी’ म्हणजे गहू. त्यामुळे नुसता पाव मागायचा असला तरी शब्द हाच. गंमत अशी, की त्या देशाच्या उष्ण-दमट हवेत गहू जवळजवळ पिकत नाही आणि तिथले रोजचे जेवण भाताचे आहे. पाव नेला तो फ्रेंचांनी, ज्यांनी १८५९ मध्ये सायगाव घेतले आणि १८८७ मध्ये ‘इंडोचायना’ नावाने आपल्या तिथल्या वसाहतींचा संघ उभा केला. ही साहेबमंडळी पाव, लोणी आणि मांसाचे काप ताटलीत वेगवेगळे घेऊन सुरी-काट्याने खात. पुढे १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देश दुभंगला, उत्तरेकडून लाखो माणसे दक्षिणेत आली आणि त्यांतल्याच एका कुटुंबाने १९५८ साली सायगावात ‘होआ मा’ हे दुकान काढले. कामावर निघालेल्या गिऱ्हाइकाला बसून खायला सवड नाही, हे पाहून त्यांनी सारे जिन्नस पावाच्या पोटातच भरून हातात द्यायला सुरुवात केली, अशी या सँडविचची जन्मकथा सांगतात. १९७५ नंतर देश सोडून गेलेल्यांबरोबर ते अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पोचले आणि २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले.

या सगळ्यात चीन कुठे आहे? सोया सॉसच्या चार थेंबांत आहे म्हणाल, तर मान्य. परंतु ज्या देशाने सुमारे हजार वर्षे चिनी राजवट सोसली आणि ९३८ मध्ये ती झुगारून दिली, त्याच्या पदार्थावर ‘चायनीज’ची पाटी लावणे म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला १७ सप्टेंबरच्या सकाळी ‘निजामाची रयत’ म्हणून हाक मारण्यासारखे आहे.

दुसरी चूक मला अधिक खटकली. तेथील शाकाहारी सँडविच ही ‘खास भारतीय ग्राहकांसाठी केलेली तडजोड’ असल्याचे आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. व्हिएतनाममधील बौद्ध कुटुंबांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार वर्ज्य करण्याची चाल आहे, त्या जेवणाला ‘चाय’ म्हणतात आणि ‘बान्ह मी चाय’ तिथे रस्तोरस्ती मिळते. आपल्याकडे पौर्णिमा-एकादशी पाळणाऱ्या घरात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. मठांतले बहुतेक भिक्षू-भिक्षुणी तर कायमच शाकाहारी असतात आणि त्यांत कडक पाळणारे कांदा-लसूणही घेत नाहीत. आमच्या घरचा चातुर्मास मला यावरून आठवतो.

हा ‘चाय’ शब्द मी पुस्तकात वाचलेला नाही, त्या दुकानाच्या फळीवर शिकलो. मागच्या जानेवारीत वेरूळ पाहून परतणाऱ्या पाच व्हिएतनामी भिक्षुणी, राखाडी चीवरे, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, पाटीवरची आपली अक्षरे पाहून गाडीतून उतरल्या. मालक गॅसची टाकी आणायला गेले होते आणि फळीवर बिडकीनचा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उभा होता. सर्वांत वडील भिक्षुणीने हात जोडून पाच बोटे दाखवली आणि म्हणाल्या, ‘चाय’. मुलगा धावत समोरच्या टपरीवर गेला आणि पाच कटिंग घेऊन आला. त्यांनी तो चहा अत्यंत शांतपणे, शेवटच्या घोटापर्यंत घेतला, पुन्हा पाच बोटे दाखवली आणि पुन्हा म्हणाल्या, ‘चाय’. पोरगा पुन्हा टपरीकडे वळला, तेवढ्यात मालक आले म्हणून बरे, नाहीतर त्या दिवशी टपरीवाल्याचीच चांदी होती. मालकांनी मग गवती चहाची कांडी बारीक चिरून तिच्यात टोफूचे काप परतले (चहाने त्या दिवशी कोणाची पाठ सोडली नाही), कांदा-लसूण अजिबात न घालता पाच पाव भरले आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलले. हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुन्या सायगावातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्यांनी चार वर्षे काढली आहेत, हेही मला त्याच दिवशी कळले.

‘घरबसल्या मागवा’ हा आपला सल्ला ही तिसरी चूक, आणि हिच्यामुळे त्या माणसाचे खरेखुरे नुकसान होऊ शकते. बान्ह मीचा जीव त्याच्या पावात असतो. वरचे कवच पापडासारखे पातळ आणि चावताच मोडणारे, आत मात्र कापसासारखी पोकळी. आपला लादीपाव एकमेकाला चिकटून भाजला जातो, म्हणून त्याला फक्त वरून रंग चढतो आणि बाजू मऊ राहतात. हा पाव सुटा भाजावा लागतो आणि भट्टीत सुरुवातीला वाफ धरावी लागते. वाफेमुळे वरची कणीक लवकर सुकत नाही, पाव पुरता फुगतो आणि मग कवच धरते. जुन्या शहरातल्या एका बेकरीवाल्या चाचांनी उकळत्या पाण्याचा पत्र्याचा डबा भट्टीत ठेवून हे साधले. त्याआधी दोन महिने जे पाव निघाले, त्यांतले निम्मे वातड होते आणि निम्म्यांनी माझ्या दाढेची परीक्षा पाहिली. असा पाव गरम सारणासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला, की आतल्या वाफेने वीस मिनिटांत त्याचा लगदा होतो. म्हणूनच मालक पार्सल देताना तोंड वाकडे करतात, आणि दिलेच तर कागदात गुंडाळून, लोणचे वेगळे बांधून देतात. ते तुसडे आहेत असा काहींचा समज आहे. त्याचे कारण एवढेच.

लोणच्याबद्दल पुरवणीत एक अक्षर नाही, हे मी चुकीत धरत नाही. तरी सांगतो. जाधववाडीच्या बाजारातून आणलेला पांढरा मुळा आणि गाजर काड्यांसारखे चिरायचे, मीठ-साखर चोळून ठेवायचे, पाणी सुटले की पिळायचे आणि व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात बुडवायचे. तेल नाही, मोहरी नाही, म्हणून आमच्या सौ.ने पहिल्या दिवशी याला लोणचे म्हणायला नकार दिला होता. आता त्या बरणी रिकामी करून आणतात. उन्हाळ्यात मुळा उग्र आणि जाळीदार होतो, तेव्हा हे लोणचे उतरते, आणि कोथिंबिरीची जुडी परवडेनाशी झाली की फळीवरच्या पाटीवर खडूने लिहिलेले असते : ‘आज कोथिंबीर नाही, पाच रुपये कमी घेऊ.’ आमच्या शहरात भाव वाढल्याच्या पाट्या मी पुष्कळ वाचल्या आहेत, ही एकच उलटी वाचली. तिथे उणिवा नाहीत असे नाही. बसायला एक बाकडे आहे, तेही अर्धे उन्हात. घट्ट गोड दुधातली व्हिएतनामी कॉफी मधुमेह्याने लांबूनच पाहावी. आणि पावसाळ्यात पावाचे कवच दुकानातच नरम पडते.

तेव्हा पुढील रविवारी आपण शुद्धिपत्र द्यावे, ही विनंती. त्यात चौथी चूकही दुरुस्त व्हावी : दुकान सोमवारी नव्हे, मंगळवारी बंद असते. गेल्या मंगळवारी आपली पुरवणी हातात घेऊन पैठणहून आलेले एक कुटुंब बंद शटरसमोर उभे होते आणि त्यांना आमच्या घरच्या थालीपिठावर भागवावे लागले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
सिडको, छत्रपती संभाजीनगर