तैलाभ्यंगाला उशीर नको

महोदय,

बेळगाव-खानापूर भागातल्या अनेक कॅथलिक घरांतून रुग्णाला घरघर लागली की मगच फादरना फोन जातो. तैलाभ्यंग, म्हणजे फादरनी प्रार्थना करत तेल लावणे, हा आजाऱ्याचा संस्कार आहे, केवळ मरणाऱ्याचा नव्हे. मोठे ऑपरेशन ठरले, आजार बळावला, वयाने अंग खचले, तरी तो घेता येतो. प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही. रुग्ण शुद्धीवर असताना पापनिवेदन (फादरपुढे पापांची कबुली) आणि ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) दोन्ही होतात. बेशुद्धीत ते राहून जाते, आणि मृत्यूनंतर तेल लावतच नाहीत.

तयारी थोडीच लागते: उशाशी टेबल, पांढरे कापड, क्रूस, कापूस, पेलाभर पाणी. गिळायला त्रास असेल तर फादरना आधीच सांगा. प्रसादाचा बारीक तुकडा चमचाभर पाण्यासोबत देता येतो. ऑक्सिजन सुरू असेल तिथे मेणबत्ती मुळीच पेटवू नका! तेल कपाळाला आणि हातांना लावतात. ते बहुधा बिशपांनी आशीर्वादित केलेले ऑलिव्हचे असते. नसेल तर दुसरे वनस्पती तेल चालते, ही मुभा १९७२ पासूनची. विकत मिळणारी ‘चमत्कारी’ बाटली म्हणजे हा संस्कार नव्हे.

बायबलमधले याकोबाचे पत्र (५:१४) आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांना बोलवा म्हणते, औषध थांबवा असे म्हणत नाही. प्रार्थना लांबली तरी इन्सुलिनची वेळ चुकवू नये.

— एक वाचक, खानापूर