सेल चाळीसचा आणि उद्योग चार दिवसांचा

प्रिय मित्रा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. व्हॉट्सअॅपवर एवढं टाइप केलं असतं तर तू खाली अंगठा टाकून मोकळा झाला असतास, आणि मला तुझ्याकडून नीट, पोटभर शिव्या खायच्यात म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आपला २००८ चा कॉम्प्युटर आठवतोय ना, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं एकेक पार्ट घासाघीस करून घेतलेला आणि रात्रभर एसटीत मांडीवर धरून सांगलीला आणलेला? तो अजून आहे. दादा गेल्यावर मी दोनदा भंगारात काढायला निघालो होतो, पण दादांनी भजनी मंडळाचे सगळे अभंग, गौळणी, भारुडं त्यावरच टाइप करून ठेवलीयेत, ती पण त्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये, जे पोर्टात डोंगल नावाची किल्ली खुपसल्याशिवाय चालत नाही. ती फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो कारण तेव्हाचे फॉन्ट युनिकोड नव्हतेच, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढं यायला तयार नाही. मंडळाला यंदा पुस्तक छापायचंय, म्हणून महिनाभर बंद असलेला कॉम्प्युटर सुरू केला.

तर स्क्रीनवर आलं, सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, एफ वन दाबा. दाबलं. (इथंच तू कपाळावर हात मारला असशील, पण पुढं वाच.) मग एक्सपीचा लोगो आला आणि पाठोपाठ निळी स्क्रीन, शेवटी सेव्हन बी असलेला तो कोड. मी म्हटलं गेली हार्ड डिस्क. एक्सपीची सीडी टाकून बघितली तर तीही म्हणाली की हार्ड डिस्कच सापडत नाही. झालं, माझी खात्रीच पटली, लगेच जाऊन नवीन एसएसडी आणली, लावली, परत सीडी टाकली, आणि सीडी परत तेच म्हणते की डिस्क सापडत नाही! कोरी करकरीत एसएसडी लेका, अजून प्लास्टिकचा वास येत होता.

मग पुढचे दोन दिवस मी एफ सिक्सच्या मागं लागलो. आठवतंय ना, सेटअप सुरू होताना खाली एक ओळ यायची, डिस्कसाठी बाहेरचा ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकायचा असेल तर एफ सिक्स दाबा, आणि दाबलं की तो मागणार फ्लॉपी. आता फ्लॉपी कुठनं आणू? एक्सपी आलं २००१ साली, तेव्हा डिस्कशी बोलायची ही नवी एएचसीआय पद्धत नव्हतीच, त्यामुळं त्याच्या पोटात तो ड्रायव्हरच नाही. शेवटी रात्री एक वाजता सहज बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या त्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, शिरलो तर तारीख २००८ ची. तेव्हा ट्यूब पेटली. बोर्डावरचा सेल मेलेला, म्हणून बायोसची सगळी सेटिंग्ज मूळपदावर गेलेली, आणि आपल्या बोर्डाचं मूळपद म्हणजे एएचसीआय. तू तेव्हा ते बदलून आयडीई, म्हणजे एक्सपीला कळणारी जुनी पद्धत, करून ठेवलं होतंस. परत आयडीई केलं, आणि एसएसडी दिसली.

खरी गंमत पुढं आहे. सगळं इन्स्टॉल करून झाल्यावर जुनी डिस्क सहज जोडून बघितली तर ती मुकाट्यानं सुरू झाली, दादांचा विठ्ठलाचा वॉलपेपर सुद्धा जागेवर. म्हणजे सीआर २०३२ चा चाळीस रुपयाचा सेल टाकून एक सेटिंग बदललं असतं तर विषय तिथंच संपला असता. हसून घे.

पण डिस्क म्हातारी आहे म्हणून म्हटलं आता एसएसडीवरच सगळं नीट बसवू, आणि ड्रायव्हरांची वरात सुरू झाली. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग, स्क्रीन सोळा रंगांत, चेहरे सगळे कावीळ झाल्यासारखे. बोर्डाची सीडी सापडली, तिच्यावर तुझ्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं, ‘आधी चिपसेट. हरवलीस तर मारीन.’ हरवली नव्हती रे, पण चरे इतके की चिपसेट आणि डिस्प्ले तेवढे निघाले, पुढं ड्राइव्ह नुसती घरघरत बसली.

लॅनचा, म्हणजे नेटच्या केबलच्या कार्डाचा, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून लॅनचा ड्रायव्हर नाही, तेच जुनं रडगाणं. मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हार्डवेअर आयडी वहीत उतरवून घेतला. व्हेंडर १०ईसी म्हणजे रिअलटेक, डिव्हाइस ८१६८ म्हणजे त्यांचं गिगाबिट कार्ड. इंटेलचा व्हेंडर नंबर ८०८६ आहे हे मला आत्ता कळलं, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच नंबर, हौस बघ! फोनवर शोधून पेन ड्राइव्हवर घेतलं, तेही तीन ‘फ्री ड्रायव्हर अपडेट’ वाल्या भामट्यांना चुकवून. साउंडनं मात्र छळलं, ड्रायव्हर टाकला की एररच. ते एचडी ऑडिओ असल्यामुळं आधी मायक्रोसॉफ्टचा बस ड्रायव्हर लागतो, तो बसल्यावरच रिअलटेकचा घेतो. तो टुडुंग आवाज आला तशी आई स्वयंपाकघरातनं म्हणाली, ‘दादांचा कॉम्प्युटर लागला वाटतं.’ मी काहीच बोललो नाही.

डोंगल शेवटी, आणि आधी त्याचा ड्रायव्हर मग डोंगल, एवढं मात्र मला पाठ होतं. तरी दुसऱ्या पोर्टात घातला की हा गडी परत नवीन हार्डवेअर सापडलं म्हणून सुरू होतो, म्हणून ज्यात चालला त्या पोर्टाशेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवलाय. नेटची केबल काढून टाकली, एक्सपीचे सुरक्षेचे अपडेट २०१४ लाच बंद झालेत, उगाच कशाला उघड्यावर ठेवा.

फाइल उघडली. एकशे बारा पानं, आणि शेवटच्या गौळणीत कडव्याच्या मधेच ओळ अर्धी. ती मंडळातल्या म्हाताऱ्यांना विचारून पुरी करतो.

एकच काम आहे, स्कॅनर अजून पिवळाच आहे. दादांच्या हाताच्या वह्या त्यावर घ्यायच्यात. त्याची सीडी तू २००९ ला तुझ्याकडं नेली होतीस आणि परत दिली नाहीस, मी विसरलेलो नाही. माळ्यावर बघ, आणि कुरियर करण्यापेक्षा घेऊनच ये. आई थालीपीठ लावते म्हणालीये.

तुझाच,
एफ वन दाबणारा