कोकमाच्या सालीची परीक्षा

पुणे,
१२ मे

प्रिय मंग्या,

तुझं पत्र आणि आमसुलं मिळाली. आमसुलं आईने ताबडतोब डब्यात भरून माझ्यापासून लांब ठेवली आहेत. आता तुझ्या बेताबद्दल. कोकमाच्या सालीचा अर्क काढून 'मुरुमांवर रामबाण' म्हणून विकायचा म्हणतोस. आधीच सांगतो, लेबलं छापायला टाकू नकोस.

कल्पना वेडगळ नाही. कोकम आणि मँगोस्टीन हे जांभळ्या सालीचं फळ, दोन्ही गार्सिनिया प्रजातीतली. २००५ साली थायलंडच्या संशोधकांनी तिथल्या औषधी वनस्पतींचे अर्क मुरुमांच्या जंतूंवर तपासले, त्यात मँगोस्टीन सरस ठरलं. पण थोरल्याला नोकरी लागली म्हणून धाकट्याला लागेलच असं कुठाय?

आमच्या प्रयोगशाळेत तपासणी अशी होते. अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, अल्कोहोल उडवून उरलेला चिकटा डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचा. जंतू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटला भोकं पाडून त्यांत तो सोडायचा. एका भोकात नुसतं डीएमएसओ, एकात क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक, तुलनेसाठी. या जंतूला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून प्लेटा ऑक्सिजन काढून घेतलेल्या हवाबंद जारमध्ये ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायच्या. जिथे जंतू वाढले नाहीत तिथे भोकाभोवती स्वच्छ कडं दिसतं.

तुझ्या कोकमाची गोम इथेच आहे. ते आंबट! नुसत्या आम्लानेही कडं पडू शकतं, मग श्रेय कुणाला द्यायचं? अर्काची आम्लता आधी मारून घ्यावी लागेल. उलट, जो अर्क अगारमध्ये पसरतच नाही त्याचं कडं लहान येतं, मग तो कितीही जालीम असो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तरी पोरं कड्याला मोजपट्टी लावून 'सर, कडुनिंबाने हळदीला हरवलं' म्हणत येतात. म्हणून बारीक खणांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत न्यायचा आणि रेझाझुरिन हा निळा रंग टाकायचा. जंतू जिवंत असले की निळ्याचं गुलाबी होतं. आता लालभडक कोकमात गुलाबी ओळखायचं कसं, सांग! तिथे प्रत्येक खणातला थेंब ताज्या प्लेटवर लावून काही उगवतं का ते बघण्यावाचून गत्यंतर नाही.

एवढं करूनही हाती येते ती प्लेटवरची गोष्ट. मुरुमात जंतू हा एक भागीदार. जास्तीचं तेल, बुजलेली छिद्रं आणि सूज हे बाकीचे. टी ट्री तेलाचं नाव झालं ते १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर ५ टक्के जेल वापरून बघितलं म्हणून. तुलनेला ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं नेहमीचं औषध होतं. दोन्हींनी मुरुम कमी झाले. तेलाला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. असं काही कोकमाचं हाती येईपर्यंत तुझ्या पुतणीच्या गालावर प्रयोग नकोत. तिला त्वचेच्या डॉक्टरकडे ने. आणि ती मेडिकलमधून आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब दाखवायला सोबत घे. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं आणि त्यानेच मुरुम उठतात.

मला मात्र साल पाठव. आमसुलं नकोत, त्यांना मीठ असतं आणि मीठही जंतूंना आवरतं. ताजी साल, बिनमिठाची, सावलीत वाळवलेली. पाटावर सुरीने गर नीट खरवडून काढ, नाहीतर वाटेत बुरशी येईल. त्याच झाडाची पानांसकट एक डहाळी रद्दी पेपरात दाबून दे. वनस्पतिशास्त्रवाल्या मॅडम ओळख पटवल्याशिवाय नमुना नोंदवून घेत नाहीत. पाऊस लागायच्या आत पाठवलंस तर बरं.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या