नळदुर्ग-तुळजापूर गाडीच्या कंडक्टरभाऊंना

कंडक्टरभाऊ, नमस्कार.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी नळदुर्गच्या स्टँडवर पाठीला पिशवी आणि दोन्ही हातांत आडवा बोर्ड धरून जी बाई तुमच्या गाडीत चढली, ती मी. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. उतरताना घसा इतका दाटला होता की 'येते' एवढंही धड म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र.

मंगळवार, त्यात श्रावण. देवीला निघालेल्या माणसांनी गाडी दारापर्यंत भरलेली, आणि माझ्या बोर्डावर ओलं चित्र. जलरंगाचा जाड कागद भिजवून बोर्डाला लावला की लवकर वाळत नाही, हवाही त्या दिवशी दमट होती. आभाळाचा शेवटचा थर दिला आणि गाडीची वेळ झाली. अशा वेळी बोर्ड तिरका झाला तर आभाळ ओघळून खाली नळदुर्ग किल्ल्याच्या बुरुजावर येतं. जलरंगात खोडून पुन्हा काढता येत नाही. दिवसभराचं काम जातं.

तुम्ही तिकीट द्यायला आलात, बोर्डाकडे पाहिलंत आणि विचारलंत, "मावशी, उभं धरलं तर खराब हुतंय का?" मी हो म्हटलं. तुम्ही तुमच्या सीटवरची पेटी खाली ठेवलीत, रुमालानं सीट पुसलीत आणि म्हणालात, "हितं ठिवा आडवं." तुळजापूर येईपर्यंत तुम्ही उभे होतात. वळण आलं की एक हात वरच्या दांडीला, दुसरा बोर्डाच्या कडेला. कुणी टेकायला आलं की, "ओलं हाय, हात लावू नका." शेजारच्या आजींनी तर बोर्डाला धक्का लागू नये म्हणून देवीची परडी उचलून मांडीवर घेतली. त्यांनाही माझा नमस्कार.

भाऊ, मी सव्वीस वर्षं मुंबईत जाहिरातींची चित्रं केली. पगार चांगला होता, काम शिकवणारी माणसंही भेटली. पण त्या सव्वीस वर्षांत मी काढलेल्या प्रत्येक आभाळावर मथळा छापला गेला. 'वर जागा मोकळी सोड', हे रोज ऐकलं. ब्रोमाइड, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे फोटो-कागद, कापून चिकटवायचे दिवस गेले, कॉम्प्युटर आले, तरी ते वाक्य काही गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि तुळजापूरला माहेरच्या घरी राहायला आले. तेव्हापासून परांडा, औसा, नळदुर्ग, जमेल तिथं एसटीनं जाते आणि रंगवते. काळा दगड, वाळलेलं गवत, बाभळी, आणि वर नुसतं आभाळ.

ही चित्रं घेऊन एका मोठ्या शहरातल्या गॅलरीत गेले होते. मालकांनी चार कागद उलटले आणि म्हणाले, "मराठवाड्यात रंगवण्यासारखं आहे काय? कोकण काढा, केरळ काढा. किल्लाच काढायचा तर निदान धबधबा तरी दाखवा." उभा जन्म चित्रांच्या धंद्यात घालवलेला माणूस. मुंबईचे जुने सोबती फोनवर 'सुटलीस बाई' म्हणतात, पण एखादं चित्र दाखव असं त्यांतल्या एकानंही आजवर म्हटलेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

तुम्ही मात्र वाकून पाहिलंत. "ह्यो उपली बुरूज. आन् ही पाणी महालाची भिंत." मग थोडं थांबून, "पाणी न्हाई दावलं, बरं केलं. लोक नर-मादी धबधबं वाहायला लागलं की फोटो काढायला येत्यात. आमी बारा म्हैनं बगतो. कोरडी भिंत आशीच दिसती."

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, बोरी नदी अडवून बांधलेली ही भिंत. तिच्या पोटात महाल, आणि पुढ्यात पाणी कोसळत असलं तरी आत बसणारा कोरडा. पुस्तकांत आणि कॅलेंडरांवर ती कायम पाणी पडतानाच दिसते. यंदा अर्धा श्रावण सरला तरी बोरीला पाणी नव्हतं. त्या कोरड्या दगडावरचे पांढरट ओघळ, जिथून पाणी पडायला हवं त्या वाटा, मी सकाळपासून बघत होते. तेच मला रंगवायचं होतं, आणि ते तुम्हाला न सांगता दिसलं. या तीन वर्षांत असं कुणी माझ्या चित्राकडे पाहिलं नव्हतं. किती वेळ लागतो, किती मिळतात, एवढंच लोक विचारतात.

तुळजापूर आलं तेव्हा कागद वाळला होता. आभाळ जागच्या जागी होतं.

नदीला पाणी आलं की पुन्हा येईन, तेव्हा तुमची गाडी असली तर फार बरं वाटेल. हे चित्र मी विकणार नाही. बोर्डावरून कागद सोडवला आणि त्याच्या पाठीला तुम्ही दिलेलं तिकीट चिकटवलं. तिकिटावरची अक्षरं काही दिवसांत उडून जातात, म्हणून खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे: नळदुर्ग ते तुळजापूर, महिला, अर्धं तिकीट. चित्र कंडक्टरच्या सीटवर. कंडक्टर उभे.

तुमची,
बोर्डवाली मावशी