शाळेच्या गाडीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
सांगलीहून थोरल्याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, शाळेची गाडी म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या आणि मधला दिवस मोकळा, असे आपण फोनवर म्हणालात. आपण आयुष्यभर एस.टी. चालवलीत, म्हणून आपल्यालाच सविस्तर लिहावेसे वाटले. एस.टी.त कंडक्टरने डबल बेल दिली की गाडी हलते. इथे गाडीतल्या मदतनीस ताईंनी 'चला' म्हटले तरी मी आधी सगळे आरसे पाहतो, कारण पहिलीतले पोर अगदी गाडीच्या तोंडापुढून गेले तर सीटवरून त्याचे डोकेसुद्धा दिसत नाही. त्यात पालक नेमके पलीकडच्या बाजूला उभे असतात आणि त्यांना पाहताच मूल पळत सुटते. ताईंनी हात धरून रस्ता ओलांडून दिल्याशिवाय मी गिअर टाकत नाही, मग मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

गळिताच्या हंगामात माधवनगर रस्त्याला फार जीव टांगणीला लागतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि वर पहाटेचे धुके. ओव्हरटेक करावे तर समोरचे दिसत नाही, मागे राहावे तर शाळा भरते आणि बोलणी मला बसतात. मी मागेच राहतो. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याची पातळी पाहूनच घराबाहेर पडतो. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका असला, तरी 2019 च्या महापुरापासून पालक त्याच्या कितीतरी आधी फोन करू लागतात.

शेवटचा थांबा झाला की मी मागच्या सीटपर्यंत चालत जातो. डबे, बाटल्या, एका पायाचा बूट हे नेहमीचेच. पण बालवाडीतले मूल दप्तरावर डोके ठेवून असे खाली सरकते की आरशात दिसतच नाही.

आपण आग्रहाने काढायला लावलेले अवजड वाहनाचे लायसन उपयोगी पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या निर्देशांप्रमाणे या कामाला अवजड वाहनाचा किमान 5 वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे ट्रकवरची वर्षे कारणी लागली.

आई, डबा वेळेवर खातो, काळजी नसावी. मे महिन्यात गाडीचे पासिंग उरकले की गावी येईन. बाबा, थांब्या-थांब्याला गाडी उचलून क्लच घसरू लागला आहे. प्लेट आताच बदलावी की सुट्टीपर्यंत ओढावे, ते कळवावे.

आपला,
थोरला