सायलेन्सरवर रोलर फिरला, फिल्टरचं काय?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

कराडात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. पत्र कर्कश सायलेन्सरवरच्या अर्धवट कारवाईच्या तक्रारीचं आहे, पण आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

गेल्या वर्षी मे महिन्यात कॉलेजातला एक मुलगा १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी घेऊन आला. ‘काका, कंपनीचा सायलेन्सर काढा, शॉर्ट टाका. आणि एअर फिल्टरचा डबा काढून पॉड बसवा.’ शॉर्ट म्हणजे आखूड, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि पॉड म्हणजे डब्याशिवायचा उघडा फिल्टर. दोन्ही बसवलं. एवढं केल्यावर कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून देणारी बारीक छिद्राची नळी, मोठा टाकावा लागतो, हे मला शाळकरी वयापासून माहीत आहे. त्या मापाचा जेट त्या दिवशी मिळाला नाही आणि पोरगं घाईत होतं. गाडी चालू झाली, आवाज दणदणीत आला, मी पैसे घेतले.

तीन आठवड्यांनी पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर गाडी सीझ झाली. पिस्टनने सिलिंडर धरला आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. मागे मित्र बसलेला, पाठीवर कंटेनर. पोराने क्लच दाबला म्हणून चाक सुटलं आणि दोघं कडेला लागले. गुडघे सोलले, बाकी काही नाही.

इंजिन मी उघडलं. प्लग पांढराफटक, खडूसारखा. व्यवस्थित चालणाऱ्या गाडीचा प्लग चॉकलेटी निघतो. पिस्टनच्या अंगावर नखांनी ओरबाडावं तसे उभे ओरखडे होते. गाडी लीन चालली होती, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कंपनी जेटचं माप ठरवते ते डब्यातून किती हवा येणार आणि सायलेन्सरमधून धूर किती सहज निघणार, हे धरून. दोन्ही तोंडं मोकळी केली आणि जेट तोच ठेवला, की भर लोडवर इंजिन भट्टीसारखं तापतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण आणखी लीन होतं. बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो काही प्रमाणात सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, त्याला मिस्त्री असतो. आणि मिस्त्रीला त्या दिवशी गल्ला दिसत होता.

थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, त्यावर तर ही पोरं खूश असतात. इंजिनात न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतंय, यात पिकअपचा काही संबंध नाही, हे सांगून मी थकलो.

आता तुमच्या खात्याची गोष्ट. त्या गाडीची पीयूसी, म्हणजे प्रदूषण चाचणीचा दाखला, होती; सीझ व्हायच्या जेमतेम बारा दिवस आधीची. पाइपात नळी घातली, गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता उभी, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे आले, पास. लीन गाडी कार्बन मोनॉक्साइड कमीच देते. म्हणजे जी गाडी घाटात सीझ होणार होती, तिला मशीनने शाबासकी दिली! आवाज कुणी मोजलाच नाही. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलची मर्यादा आहे, त्यावरच्या गाडीला ८०. पीयूसी केंद्रात आवाजाचा मीटर मी आजवर पाहिलेला नाही.

मग रस्त्यावर पोलीस पकडतात. सायलेन्सरची रास लावून रोड रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. माझी आईसुद्धा रात्री त्या आवाजाने दचकून उठते. पण सायलेन्सर गेला, की पोरगं संध्याकाळी कंपनीचा जुना चढवतं आणि पॉड तसाच राहतो. तो सीटखाली असतो, नाक्यावर त्याचा आवाज येत नाही. पावसाळ्यात तो पाणी ओढतो आणि उन्हाळ्यात उसाच्या गाड्यांमागची धूळ. पिस्टनच्या रिंगा वर्षभरात जातात.

कायदा कडक आहे. कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेच ठणकावणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन बंद. माझ्या बावीस वर्षांत यातली एकही पावती माझ्या शटरपर्यंत आलेली नाही. माल विकणारा मोकळा, बसवणारा मोकळा, आणि एकोणीस वर्षांचं पोरगं बापाला फोन लावतंय.

कायदा केंद्राचा, हे मला कळतं. पण पीयूसी केंद्रांना परवानगी तुमचंच खातं देतं. तिथे एक आवाजाचा मीटर ठेवा. उभ्या गाडीच्या सायलेन्सरपासून अर्धा मीटरवर, ४५ अंशात धरून मोजायची पद्धत जगभर चालते, दोन मिनिटांचं काम. त्याच वेळी सीट उचलून फिल्टरचा डबा आहे की नाही तेवढं बघायला सांगा. आणि दिल्लीकडे एक गोष्ट लावून धरा: युरोपात बदली सायलेन्सरवर मान्यतेचा ‘ई’ शिक्का असतो, तसा आपल्याकडेही कुठला सायलेन्सर कुठल्या मॉडेलला चालेल याचा शिक्का हवा. चाचणी घ्यायला पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था बसलेली आहेच. आज पोराने विचारलं, ‘काका, कायद्यात बसणारा कुठला?’ तर माझ्याकडे एकच उत्तर असतं, कंपनीचाच ठेव. ते त्याला नको असतं, मग तो पुढच्या गॅरेजात जातो आणि तिथे जेटचा विषयही निघत नाही.

तोवर मी एवढं करतो: पॉड बसवायला नकार देतो. आधीच बसवून आलेल्याचा प्लग काढून त्याच्या हातात देतो. पांढरा असेल, तर डबा परत चढेपर्यंत चढाला फुल थ्रॉटल धरू नको आणि दोन बोटं कायम क्लचवर ठेव, असं बजावतो. निम्मे ऐकतात.

आपला,
कराडचा एक गॅरेजवाला